रिफंड काढून देणारे एजंट, त्यांची टक्केवारी आणि तुमची सही

प्रश्न थोडक्यात असा: "ऐरोलीत राहतो, रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. कंपनीत येणारा एक माणूस गेली दोन वर्षं आमच्या खात्यातल्या अठरा-वीस जणांचे रिटर्न भरतो. रिफंड जमा झाला की वीस टक्के त्याला द्यायचे. २०२३-२४ चे मला ३९,५२० रुपये आले, २०२४-२५ चेही आले. आता तो म्हणतो, त्याआधीच्या वर्षांचेही काढून देतो, वर्षाला दोन हजार आगाऊ द्या. मध्यंतरी आमच्यातल्या दोघांना आयकर खात्याचा मेसेज आला. एजंट म्हणतो काही होत नाही. वीस टक्के फी जास्त आहे का, आणि आम्ही काय करावं?"

वीस टक्के जास्त आहेत का, असं तुम्ही विचारलंय. या कामाला दोन टक्केही जास्त आहेत. रक्कम मोठी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. टक्केवारी ठरली की रिटर्न भरणाऱ्याचं पोट रिफंडच्या आकड्यावर अवलंबून राहतं, आणि आकडा फुगवायला त्याला एका मिनिटाचं काम असतं. रिटर्नवर नाव तुमचं, पॅन तुमचा, 'ही माहिती खरी आहे' हे सत्यापन तुमच्या ओटीपीने झालेलं. त्याचं नाव त्या कागदावर कुठेही नसतं. मी ठाण्यात नौपाड्याला तीस वर्षं सीए म्हणून रिटर्नचंच काम करतोय. खोट्या वजावटींची जेवढी प्रकरणं माझ्या टेबलावर आली, त्यांतली बहुतेक टक्केवारीवर काम करणाऱ्यांनी भरलेली होती.

सीएला टक्केवारीवर फी घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. सनदी लेखापाल कायदा १९४९ च्या पहिल्या अनुसूचीत, पहिल्या भागात, दहाव्या खंडात ते लिहिलंय: नफ्याच्या टक्क्यावर किंवा निकालावर अवलंबून फी ठरवली, तर तो व्यावसायिक गैरवर्तणुकीचा गुन्हा. काही ठरावीक कामांना अपवाद आहेत. पगारदाराचं रिटर्न भरणं त्यात बसत नाही. वकिलांनाही दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. त्यामुळे 'रिफंडवर इतके टक्के' असं कुणी म्हणालं, तर तो सीए नसतो, किंवा असला तर स्वतःचा नियम मोडत असतो. त्याला सदस्य क्रमांक विचारा. सीए असेल तर तो क्रमांक सांगायला त्याला काहीच अडचण नसते.

आता तुमचा आकडा पाहू. ३९,५२० हा आकडा वाचल्यावर मी कागद घेऊन उलटी आकडेमोड केली. जुन्या करपद्धतीत, म्हणजे जिच्यात वजावटी मिळतात तिच्यात, पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात कर वीस टक्के, त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के. ३९,५२० ला २०.८ टक्क्यांनी भागलं की बरोबर १,९०,००० येतात. म्हणजे तुमचं उत्पन्न त्या टप्प्यात असेल आणि कंपनीने कर नीट कापला असेल, तर त्या रिटर्नमध्ये फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते त्या पगार आणि करकपातीच्या दाखल्यात) नसलेली एक लाख नव्वद हजारांची वजावट कुठून तरी आलेली आहे. खरी असेल तर उत्तमच. कंपनीला घरभाड्याच्या पावत्या वेळेत देता आल्या नसतील, आईवडिलांचा आरोग्य विमा दाखवायचा राहिला असेल. पण अठरा-वीस जणांना दरवर्षी घसघशीत रिफंड येतोय, हे वाचून मला काळजी वाटते. एकाच कंपनीत, एकाच पगारपत्रकावर, इतक्या जणांच्या वजावटी एकदम राहून जात नाहीत.

आज रात्रीच ई-फायलिंग पोर्टल उघडा. युजर आयडी म्हणजे तुमचा पॅन. पासवर्ड एजंटकडे असेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून नवा करता येतो. नेटबँकिंगमधूनही आत जाता येतं. आधी प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते पाहा. मग ई-फाइलमध्ये भरलेली रिटर्न्स बघून दोन्ही वर्षांचे फॉर्म उतरवून घ्या. कंपनीचा फॉर्म १६ शेजारी ठेवा आणि प्रकरण सहा-अच्या वजावटी एकेक ओळ ताडून पाहा. ८०सी (गुंतवणूक, आयुर्विमा), ८०डी (आरोग्य विमा), ८०ई (शैक्षणिक कर्जाचं व्याज), ८०जी (देणगी), ८०जीजीसी (राजकीय पक्षाला देणगी), ८०डीडीबी (गंभीर आजारावरचा खर्च), आणि वर पगाराच्या भागात घरभाडे भत्त्याची सूट. जी ओळ फॉर्म १६ मध्ये नाही आणि जिचा कागद तुमच्या घरात नाही, ती खुणेने वेगळी काढा.

गेल्या महिन्यात पाचपाखाडीतलं एक जोडपं हेच करायला माझ्याकडे आलं होतं. नवरा एका खासगी कंपनीत, रिटर्न एजंटने भरलेलं. पोर्टलवर मोबाइल नंबर एजंटचा होता. ईमेल त्याच्या नावाचा दिसत होता, पण तो त्याने कधी उघडलेलाच नव्हता. खात्याचे तीन संदेश त्यात वाचल्याशिवाय पडून होते. रिटर्न उघडून मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ८०जीजीसीखाली राजकीय पक्षाला देणगी, ८०,००० रुपये. तो म्हणाला, मी तर कुठल्याच पक्षाला रुपया दिलेला नाही. त्याच्या खाली ८०डीडीबी, अवलंबून असलेले ज्येष्ठ नागरिक, ९५,००० रुपये. यंदाच्या फॉर्ममध्ये त्या ओळीला आजाराचं नाव निवडावं लागतं. तिथे मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार निवडलेला. बाईंनी ते वाचलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, बाबा तर रोज सकाळी कचराळी तलावाला पाच फेऱ्या मारतात." तो माणूस काहीच बोलला नाही. फाइलच्या मागच्या खिशातून त्याने चेकबुक काढलं आणि एका चेकची उरलेली पट्टी दाखवली. 'रिफंडसाठी' म्हणून त्याने सही केलेला कोरा चेक एजंटला दिला होता. माझ्यासमोर त्याने बँकेला फोन करून तो थांबवला.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं की, माणसं माझ्याकडे येऊन 'मला माहीत नव्हतं' म्हणतात आणि ते खरं असतं. पण रिटर्न न वाचता ओटीपी दिला, तरी कायद्याच्या नजरेत ते रिटर्न तुम्हीच भरलेलं असतं.

तुमचा एजंट म्हणतो काही होत नाही, रिफंड आला म्हणजे पास झालं. हे त्याचं म्हणणं चुकीचं आहे. रिफंड येतो तो बंगळुरूच्या केंद्रात संगणकाने कलम १४३(१) खाली बेरीज-वजाबाकी ताडल्यावर. त्या टप्प्यावर देणगीची पावती किंवा डॉक्टरचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही. तपासणी नंतर होते. २०२३-२४ सारख्या वर्षाचं प्रकरण करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, इथे २०२४-२५) संपल्यापासून सव्वातीन वर्षांपर्यंत पुन्हा उघडता येतं, म्हणजे जून २०२८ पर्यंत. एवढा काळ ते रिटर्न खात्याच्या हातात असतं.

आणि खातं बघतंय. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती नेमकी अशा मध्यस्थांवर आणि रिटर्न भरून देणाऱ्यांवर. महाराष्ट्राचं नाव त्या निवेदनात स्पष्ट होतं. घरभाडे, राजकीय देणगी, शैक्षणिक कर्ज, विमा, आजारावरचा खर्च ही सगळी कलमं त्यात होती, आणि कमिशनवर मोठ्या रिफंडचं आमिष दाखवण्याची पद्धतही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. तुमच्या दोन सहकाऱ्यांना आलेला मेसेज बहुधा याच धर्तीचा आहे: तुमचा दावा तपासा, चूक असेल तर दुरुस्त करा. तो मेसेज म्हणजे नोटीस नाही. दुरुस्तीची संधी आहे आणि ती घेतली पाहिजे. मात्र त्या मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. खात्याच्या नावाने खोटे मेसेजही सर्रास फिरतात. पोर्टलवर स्वतः जाऊन, आत काय आलंय ते बघा.

दुरुस्तीचा हिशेब आता मांडतो. मी हे नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहितोय, तारखा त्या धरून वाचा.

२०२४-२५ च्या उत्पन्नाचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारता येतं. रिफंड आला असला तरी येतं. खोटी ओळ काढायची, फरकाचा कर आणि व्याज भरायचं, सुधारित रिटर्न सादर करायचं. वर जादा कर काही नाही. हे सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून आधी हेच करा. महिनाभर हातात आहे.

२०२३-२४ साठी ती मुदत केव्हाच संपली. तिथे अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. हे २०२२ मध्ये आलं तेव्हा दोन वर्षांची मुदत होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती चार वर्षं झाली. करनिर्धारण वर्ष संपल्यावर पहिल्या बारा महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजाच्या बेरजेवर २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६०, चौथ्या वर्षी ७०. तुमच्या बाबतीत २५ टक्क्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते.

समजा ते १,९०,००० पूर्णच खोटे निघाले. तुम्हाला ३९,५२० आले, त्यातले ७,९०४ एजंटने नेले, तुमच्या हाती ३१,६१६ राहिले. आता परत भरायचे ३९,५२०, त्यावर २५ टक्के म्हणजे ९,८८०, एकूण ४९,४००. व्याज आणि व्याजावरचे २५ टक्के वेगळे. एजंटकडे गेलेले ७,९०४ तुम्हीच भरताय, हे लक्षात घ्या. १ एप्रिल २०२६ पासून पुढे भरलं तर जादा कर ९,८८० ऐवजी १९,७६० होईल. आणि काहीच न करता नोटीस आली, खोटा दावा ठरला, तर कलम २७०अ खाली चुकीच्या माहितीबद्दल दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे ७९,०४०. कर आणि व्याज सोडून. खोटं सत्यापन केल्याबद्दल कलम २७७ मध्ये, पंचवीस लाखांच्या आतल्या करालाही तीन महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आहे. त्यात मदत करणाऱ्यासाठी कलम २७८ आहे. पण एजंटला पकडलं म्हणून तुमचा कर माफ होत नाही.

एक अट नीट समजून घ्या. त्या वर्षाची करनिर्धारणाची कारवाई सुरू झाली की आयटीआर-यू भरता येत नाही. नुसता मेसेज आलाय तोवर दार उघडं आहे. कलम १४३(२) ची (तपासणीची) किंवा १४८ ची (प्रकरण पुन्हा उघडण्याची) नोटीस लागली की, नोव्हेंबर २०२५ च्या नियमाप्रमाणे, हा मार्ग बंद. ज्या दोघांना मेसेज आला, त्यांनी आधी हे करावं, तुम्ही नंतर.

आता आधीच्या वर्षांबद्दल. 'वर्षाला दोन हजार आगाऊ द्या, जुने रिफंड काढतो' हे ऐकून मला राग आला. आयटीआर-यू मध्ये रिफंड मागताच येत नाही आणि आधीचा रिफंड वाढवताही येत नाही. खातं ते स्वीकारतच नाही. ज्याचं रिटर्न भरायचंच राहून गेलं आणि कर खरोखर जास्त कापला गेला, त्याला एकच रस्ता: कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तो करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, उशिराचं खरं कारण आणि अडचण पटवावी लागते, आणि मंजूर झाला तरी त्या रकमेवर व्याज मिळत नाही. एक कोटीपर्यंतची प्रकरणं आयुक्त पातळीवर निकाली निघतात. आजारपण, घरातला मृत्यू, परदेशी नोकरी, अशी कारणं असलेले अर्ज मी केले आहेत. त्याला वेळ लागतो, कागद लागतात, आणि एजंट सांगतो तसं चार दिवसांत काही होत नाही. त्या वर्षांची रिटर्न तुम्ही भरलेली असतील, तर तुम्हाला हा रस्ता तसाही लागू पडण्यासारखा दिसत नाही. आगाऊ पैसे देऊ नका.

खरा रिफंड मात्र असतो, आणि तो माणसाने सोडूही नये. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण एजंटची भीती दाखवली की लोक रिफंडचंच नाव टाकतात. वर्तकनगरच्या एक बाई गेल्या उन्हाळ्यात आल्या होत्या. यजमान गेले, कुटुंब निवृत्तिवेतन महिना १२,००० रुपये. यजमानांच्या मागे आलेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत. २०२४-२५ मध्ये ९४,००० व्याज झालं. ज्येष्ठ नागरिकाला तेव्हा पन्नास हजारांवर करकपात होती, फॉर्म १५एच ('मला कर लागत नाही, कापू नका' असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचं) द्यायचा राहिला होता, म्हणून बँकेने ९,४०० कापले. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून उत्पन्न २,३८,००० होतं. त्यावर कर शून्य. शेजारच्या कुणीतरी 'पंधरा टक्क्यांत काढून देतो' म्हटलं होतं, म्हणजे १,४१० रुपये. आम्ही त्यांच्याच मोबाइलवर ओटीपी घेऊन आयटीआर-१, म्हणजे साध्या उत्पन्नाचं रिटर्न, भरलं. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा बँक खातं पडताळण्यात गेली, कारण पासबुकावर नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं होतं. पंधरवड्यात पैसे आले. नव्या वर्षासाठी मी त्यांना १५एच भरायला लावला, म्हणजे कापणंच बंद. आणि १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी ती व्याजाची मर्यादा एक लाख झाली आहे, हेही सांगितलं. टक्केवारीवाल्याने हे सांगितलं नसतं, कारण पुढच्या वर्षी रिफंडच उरत नाही.

असेच खरे रिफंड कुठे असतात ते सांगतो. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली आणि दोन्ही कंपन्यांचा हिशेब जुळला नाही. ठेकेदारीवर काम करणाऱ्याचे एक टक्का आणि व्यावसायिक सल्लागाराचे दहा टक्के कापले गेले, पण वर्षाचं उत्पन्न कमी होतं. थकबाकी एकदम मिळाली आणि कलम ८९ चा दिलासा घ्यायचा राहिला. त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो, तो विसरला की दिलासा नाकारला जातो. पाच वर्षांच्या आत भविष्य निर्वाह निधी काढला आणि त्यावर कपात झाली. या सगळ्याची माहिती फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि वार्षिक माहिती पत्रकात तयार असते. २०२१ पासून हे वार्षिक माहिती पत्रक पोर्टलवर आहे. बँकेचं व्याज, लाभांश, शेअर विक्री, सगळं त्यात दिसतं. ते उतरवून फॉर्म १६ शेजारी ठेवलं की आपल्याला किती मिळायला हवं ते तुम्हालाच कळतं.

आणखी एक. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू धरली जाते. त्यात ८०सी, घरभाडे वगैरे नाही, पण दर कमी आहेत. २०२४-२५ पासून त्यात प्रमाणित वजावट ७५,००० आहे. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दरवर्षी रिटर्नमध्ये पद्धत निवडता येते, मात्र जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. कंपनीने एका पद्धतीने कापलं आणि तुम्हाला दुसरी फायद्याची निघाली, तर तो रिफंड शंभर टक्के कायदेशीर आहे. त्यासाठी एकही खोटी ओळ लागत नाही.

फी किती असावी, या तुमच्या पहिल्या प्रश्नावर परत येतो. पोर्टलवर रिटर्न भरायला सरकार काहीही घेत नाही. एक फॉर्म १६ आणि बँकेचं व्याज, एवढंच असेल तर स्वतः भरता येतं. पोर्टलवर बहुतेक आकडे आधीच भरलेले येतात. मदत हवीच असेल, तर आपल्याकडे अशा साध्या रिटर्नचे पाचशे ते दीड-दोन हजार घेणारे माझ्या पाहण्यात आहेत. घर विकलंय, शेअरचे व्यवहार आहेत, दोन घरांचं कर्ज आहे, तर जास्त. रक्कम कामावर ठरली पाहिजे, आधी सांगितली पाहिजे, आणि रिफंड शून्य आला तरी तीच राहिली पाहिजे. बिल मागा. त्यात कामाचं वर्ष आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असू द्या. भरल्यानंतर नोटीस आली तर उत्तर कोण देणार, त्याचे वेगळे पैसे का, हे तेव्हाच विचारा. एजंटांचा सगळा खेळ इथेच उघडा पडतो, कारण नोटिशीच्या वेळी ते फोन उचलत नाहीत. आणि रिफंडावर व्याज मिळतं, महिना अर्धा टक्का, तेही तुमचंच आहे. त्यावरही टक्केवारी लावलेली मी पाहिली आहे.

पासवर्ड कुणालाही देऊ नका, मलाही नाही. आम्हाला काम करायला त्याची गरज नसते. पोर्टलवर सीए जोडण्याची सोय आहे, नाहीतर आम्ही फाइल तयार करून देतो आणि तुम्ही स्वतः चढवता. शेवटचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो. तो देण्याआधी वजावटीचं पान उघडून प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारा. रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत सत्यापन करायचं असतं, त्यामुळे घाई नाही. रिफंड पॅनशी जुळणाऱ्या, पडताळलेल्या तुमच्याच खात्यात येतो. 'आमच्या कंपनीच्या खात्यात येऊ दे, मग आम्ही पाठवतो' म्हणणारा किंवा कोरा चेक मागणारा, दोघांनाही दारातूनच परत पाठवा.

एजंटशी भांडत बसू नका. त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे निरोप, यूपीआयने दिलेल्या पैशांच्या नोंदी जपून ठेवा. उद्या खात्याने विचारलं तर दावा कुणी, कसा केला हे सांगायला त्या लागतील. त्याने घेतलेले पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही, त्यामागे लागून ३१ डिसेंबर चुकवू नका.

कंपनीतल्या तुमच्या खात्यातल्या बाकीच्यांशी बोलाल ना? एकेकट्याला हे पटत नाही, लाजही वाटते, बायकोला काय सांगू असंही होतं. जेवणाच्या सुट्टीत चौघं-पाच जण एकत्र बसा, प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर पोर्टल उघडा आणि सगळ्यात आधी प्रोफाइलमधला मोबाइल नंबर पाहा. एजंटचा निघाला तर तिथल्या तिथे बदला. मग रिटर्न उतरवा, फॉर्म १६ काढा, आणि शनिवारी सगळे कागद घेऊन जवळच्या कुठल्याही सीएकडे जा. माझ्याकडेच या असं नाही. ज्यांना मेसेज आलाय त्या दोघांना पुढे बसवा.